वर्णद्वेष आणि पोलिसी हिंसेवरच्या अमेरिकन किशोर कादंबऱ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठवी ते बारावीच्या मुलांचा एक वाचनगट मी चालवते. या गटात आम्ही अमेरिकन किशोर कादंबऱ्या वाचायला घेतल्यापासून पालक, शिक्षक आणि मुलं जे प्रश्न विचारत आली आहेत, त्यांची उत्तरं इथे एका जागी दिली आहेत. काही उत्तरांत कथानक उघड झालं आहे. ते आधी कळायला नको असेल तर वयाचा प्रश्न आणि शेवटचा प्रश्न तेवढे वाचा आणि सरळ पुस्तक हाती घ्या.

या कादंबऱ्या म्हणजे नेमक्या कोणत्या?

अमेरिकेत साधारण १२ ते १८ वयाच्या वाचकांसाठी ‘यंग अ‍ॅडल्ट’ नावाचा वेगळा विभाग असतो. गोष्ट सांगणारा बहुतेकदा त्याच वयाचा असतो आणि भाषाही त्याच्याच तोंडची. कृष्णवर्णीय मुलं आणि पोलीस यांच्या गोष्टी सांगणारी पुस्तकं या विभागात गेल्या दहाबारा वर्षांत मोठ्या संख्येने आली. अँजी थॉमस यांची ‘द हेट यू गिव्ह’ (२०१७) त्यांतली सर्वांत गाजलेली. तिच्या आधी केक्ला मगून यांची ‘हाउ इट वेंट डाउन’ (२०१४) आली, आणि जेसन रेनॉल्ड्स व ब्रेंडन कायली यांनी मिळून लिहिलेली ‘ऑल अमेरिकन बॉईज’ (२०१५). पुढे निक स्टोन यांची ‘डियर मार्टिन’ (२०१७), ज्युएल पार्कर ऱ्होड्स यांची ‘घोस्ट बॉईज’ (२०१८), ईबी झोबोई आणि युसेफ सलाम यांची ‘पंचिंग द एअर’ (२०२०).

या सगळ्यांना वाट करून दिली वॉल्टर डीन मायर्स यांनी. त्यांच्या ‘मॉन्स्टर’ (१९९९) मधला न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतला १६ वर्षांचा स्टीव्ह खुनाच्या खटल्यात आरोपी आहे आणि कोठडीत बसून स्वतःच्याच खटल्याची पटकथा लिहितो. किशोर साहित्यासाठीचा प्रिंट्झ पुरस्कार २००० साली पहिल्यांदा दिला गेला, तो याच पुस्तकाला. २०१४ मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी, मायर्स यांनी वर्तमानपत्रात एक कळकळीचा लेख लिहिला होता. आदल्या वर्षी अमेरिकेत निघालेल्या सुमारे ३२०० बालपुस्तकांपैकी फक्त ९३ पुस्तकं कृष्णवर्णीयांविषयी होती, हा आकडा त्यांनी त्यात पुढे ठेवला होता. वर दिलेली बहुतेक पुस्तकं त्या लेखानंतरची आहेत.

बातम्या आहेत, व्हिडिओ आहेत. मग कादंबरी कशाला वाचायची?

माझ्या मते हाच सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून याचं उत्तर जरा सविस्तर देते.

बातमी गोळीपासून सुरू होते. ज्याला गोळी लागली त्याची आपल्याशी पहिली ओळख होते ती मेलेला मुलगा म्हणून. लगेच चौकशी सुरू होते ती त्याचीच. शाळेत कसा होता, कोणाबरोबर फिरायचा, फोटोत हाताने कसली खूण करतोय. २६ फेब्रुवारी २०१२ रोजी फ्लोरिडातल्या सॅनफर्ड गावात १७ वर्षांचा ट्रेव्हॉन मार्टिन दुकानातून गोळ्या-चॉकलेटं आणि सरबताचा डबा घेऊन परतत असताना मारला गेला. मारणारा पोलीस नव्हता, वस्तीवर पहारा ठेवणारा एक रहिवासी होता. पण पुढचे कित्येक आठवडे चर्चा रंगली ती त्या मुलाला शाळेने कधी घरी बसवलं होतं याची.

कादंबरी हा क्रम उलटा करते. ‘द हेट यू गिव्ह’ मध्ये खलील आपल्याला आधी भेटतो तो एका पार्टीत, गालावर खळ्या पडणारा आणि मैत्रिणीची, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या स्टारची, थट्टा करणारा मुलगा म्हणून. मग गाडीत तो टुपाक या रॅपरची गाणी लावतो, आणि स्टारला त्यावरून चिडवायची आयती संधी मिळते, कारण ती गाणी त्यांच्या जन्माआधीची. लहानपणी त्याच्या आजीने या दोघांना एकत्र सांभाळलेलं आहे, आणि ती आजी आता कॅन्सरने आजारी आहे. एवढं सगळं कळल्यानंतर पोलिसाच्या गोळ्या झाडल्या जातात. पुढे टीव्हीवाले त्याला ‘अमली पदार्थ विकणारा’ म्हणू लागतात तेव्हा वाचक बिथरतो, कारण तोवर तो खलीलला ओळखू लागलेला असतो. खलील खरोखरच ते विकत होता हेही पुस्तक लपवत नाही. का विकत होता, कोणाचं देणं फेडत होता, ते हळूहळू समजतं. मेलेल्या मुलाला आधी जगू देणं हे काम बातमीला जमत नाही. या कादंबऱ्या तेच करतात, आणि म्हणून त्या वाचायच्या.

पोलिसाने गाडी थांबवली तर खलील सरळ उतरून बोलत का नाही? आमच्या मुलीला तो प्रसंग कळलाच नाही.

आपल्या बहुतेक वाचकांची इथे गफलत होते. आपल्याकडे हवालदाराने शिट्टी मारली की गाडी कडेला लावायची, स्वतः उतरायचं आणि लायसन्स-कागद घेऊन त्याच्याकडे जायचं. तसं केलं तर माणूस नम्र समजला जातो. अमेरिकेत बरोबर उलट आहे. पोलिसाची गाडी मागून दिवे लावत येते, आपण थांबायचं आणि जागचं हलायचं नाही. हात स्टिअरिंगवर, दिसतील असे. पोलीस चालत खिडकीशी येतो. न सांगता दार उघडणं हीच धमकी समजली जाऊ शकते, कारण तिथे पोलिसाच्या कमरेला पिस्तूल असतं आणि समोरच्याकडेही असू शकतं, हे दोघांनाही माहीत असतं.

हे ध्यानात ठेवून तो प्रसंग पुन्हा वाचा. स्टार १२ वर्षांची असताना आईवडिलांनी तिला समोर बसवून समजावलेलं आहे की पोलिसाने अडवलं तर हात दिसू द्यायचे, झटकन हालचाल करायची नाही, विचारेल तेवढंच बोलायचं. वडिलांनी आणखी सांगून ठेवलंय की त्या पोलिसाचा चेहरा आणि बिल्ल्याचा नंबर लक्षात ठेव. म्हणून तिच्या डोक्यात नाव नसतं, आकडा असतो, ११५. आणि जवळजवळ पूर्ण पुस्तकभर ती त्या माणसाला त्या आकड्यानेच ओळखते. खलील मात्र विचारतो की आम्हाला का थांबवलं. मागचा दिवा फुटलाय, एवढंच कारण असतं. त्याला गाडीबाहेर काढून झडती घेतली जाते आणि हलू नको असं बजावलं जातं. पोलीस पाठ वळवून आपल्या गाडीकडे जातो. तेवढ्यात खलील दाराशी येऊन आत डोकावतो आणि स्टारला विचारतो, तू ठीक आहेस ना? त्याच क्षणी गोळ्या सुटतात. दाराच्या कप्प्यात केस विंचरायचा ब्रश असतो. पोलीस म्हणतो, मला ते पिस्तूल वाटलं.

कृष्णवर्णीय घरांत मुलांना अशी समज देण्याची रीत कादंबरीकारांनी रचलेली नाही. खरोखरच पिढ्यानपिढ्या ती दिली जाते.

ही खरी गोष्ट आहे का?

नाही. खलील, स्टार, त्यांची गार्डन हाइट्स ही वस्ती, सगळं काल्पनिक आहे. पण मुळाशी खरी घटना आहे. १ जानेवारी २००९ च्या पहाटे कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये फ्रूटव्हेल रेल्वे स्थानकाच्या फलाटावर २२ वर्षांच्या ऑस्कर ग्रँटला रेल्वे पोलिसाने गोळी घातली. अँजी थॉमस तेव्हा मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहरात कॉलेजात शिकत होत्या. त्या अस्वस्थतेतून त्यांनी एक लघुकथा लिहिली आणि पुढे तिचीच कादंबरी झाली. पुस्तकाचं नाव टुपाक शकूर याच्या एका विचारावरून घेतलंय: लहान मुलांच्या मनात जो द्वेष तुम्ही पेराल, तो शेवटी सगळ्यांवर उलटेल.

‘घोस्ट बॉईज’ वाचताना क्लीव्हलंडचा १२ वर्षांचा टॅमिर राइस आठवल्याशिवाय राहत नाही. २०१४ मध्ये खेळण्यातलं पिस्तूल हातात असताना तो मारला गेला. आणि ‘पंचिंग द एअर’ चे एक लेखक युसेफ सलाम हे तर स्वतः न केलेल्या गुन्ह्यासाठी किशोरवयात तुरुंगात गेलेले. १९८९ च्या न्यूयॉर्कमधल्या सेंट्रल पार्क प्रकरणातल्या पाच मुलांपैकी ते एक. २००२ मध्ये पाचही जणांची शिक्षा रद्द झाली. २०२३ मध्ये सलाम न्यूयॉर्कच्या नगर परिषदेवर निवडून आले.

शेवटी पोलीस सुटतो कसा? साक्षीदार असूनही?

मुलं या प्रश्नावर सगळ्यांत जास्त चिडतात. दोन गोष्टी समजून घ्याव्या लागतात.

पहिली, ग्रँड ज्युरी. ही निकाल देणारी ज्युरी नाही. सामान्य नागरिकांचा एक गट बंद दाराआड सरकारी वकिलाने आणलेला पुरावा ऐकतो आणि खटला भरण्याइतपत आधार आहे की नाही एवढंच ठरवतो. नाही म्हटलं तर खटला उभाच राहत नाही. स्टारची साक्ष होते ती या टप्प्यावर. ९ ऑगस्ट २०१४ रोजी मिसूरी राज्यातल्या फर्ग्युसन शहरात मायकल ब्राउन या १८ वर्षांच्या मुलाचा पोलिसाच्या गोळीने मृत्यू झाला. त्या प्रकरणात त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ग्रँड ज्युरीने आरोप ठेवायला नकार दिला आणि शहर पेटलं. कादंबरीतली अशाच नकारानंतरची रात्र वाचताना ते आठवतं.

दुसरी गोष्ट कायद्याची. १९८४ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहरात मधुमेह असलेला एक कृष्णवर्णीय माणूस, साखर उतरतेय असं वाटल्याने, संत्र्याचा रस घ्यायला दुकानात शिरला. रांग मोठी होती म्हणून लगबगीने बाहेर पडून मित्राच्या गाडीत बसला. एका पोलिसाला त्याच्या घाईचा संशय आला. गाडी अडवली, त्याला बेड्या घातल्या, आणि या सगळ्यात त्याचा पाय मोडला. दुकानात काहीच झालेलं नव्हतं. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८९ मध्ये न्यायालयाने जो निकष घालून दिला तो आजही चालतो: पोलिसाने वापरलेलं बळ मागाहून कळलेल्या गोष्टींवरून जोखायचं नाही, त्या क्षणी तिथे असलेल्या एखाद्या समंजस पोलिसाला काय वाटलं असतं यावरून जोखायचं. त्यामुळे ‘मला ते पिस्तूल वाटलं’ हे वाक्य न्यायालयात फार वजनदार ठरतं. ब्रश होता हे नंतर सिद्ध होऊनही.

शिक्षा कधीच होत नाही असं मात्र नाही. २५ मे २०२० रोजी मिनिआपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा जीव घेणाऱ्या पोलिसाला २०२१ मध्ये खुनासाठी दोषी ठरवलं गेलं आणि साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली.

माझे बाबा पोलीस खात्यात आहेत. मी ही पुस्तकं वाचावी का?

नक्की वाच. तुझ्यासारख्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली पात्रं यांत आहेत.

स्टारचा मामा कार्लोस पोलीस आहे. स्टारचे वडील तुरुंगात होते तेव्हा त्यानेच तिला बापासारखं सांभाळलं. ज्याने खलीलला मारलं तो त्याच्याच खात्यातला, आणि कार्लोस दोन्हीकडून ओढला जातो. ‘घोस्ट बॉईज’ मध्ये जेरोम या मेलेल्या मुलाचं भूत एकाच जिवंत व्यक्तीला स्पष्ट दिसतं, त्याला गोळी घालणाऱ्या पोलिसाच्या मुलीला, साराला. बाप आवडतो, पण त्याने केलेलं पटत नाही, अशा कात्रीत सापडलेली मुलगी लेखिकेने फार मायेने रंगवली आहे.

आणि ‘ऑल अमेरिकन बॉईज’ मधले रशादचे वडील. ते माजी पोलीस. पोलिसाने मारून मारून नाकाचं हाड आणि बरगड्या मोडलेला मुलगा इस्पितळात पडलाय आणि बाप विचारतोय, तू काय केलं होतंस? वाचताना त्यांचा राग येतो. मग एका संध्याकाळी ते मुलाशेजारी बसून सांगतात की त्यांनी नोकरी का सोडली. एका गोऱ्या आणि एका कृष्णवर्णीय मुलाची मारामारी चालली होती, आणि त्यांनी धरून चाललं की लुटणारा कृष्णवर्णीयच असणार. त्या मुलाने खिशात हात घातला. यांनी गोळी झाडली. खिशात दम्याचा पंप होता, आणि लुटला गेलेला मुलगा तोच होता. तो कायमचा अपंग झाला. संशय घेणारा नेहमी गोराच असतो असं नाही, आणि चांगल्या माणसाच्या हातूनही हे घडतं, एवढं सगळं त्या चार-सहा पानांत येऊन जातं.

बाबांनाही वाचायला दे. आमच्या गटातल्या एका मुलाने दिलं होतं. बापलेक दोघंही पुढच्या बैठकीला आले.

‘ऑल अमेरिकन बॉईज’ दोघांनी का लिहिली? त्यातला अर्धा भाग गोऱ्या मुलाला का दिलाय?

रेनॉल्ड्स कृष्णवर्णीय आहेत, कायली गोरे. रेनॉल्ड्स रशादची प्रकरणं लिहितात आणि कायली क्विनची. रशाद चिप्सचं पाकीट घ्यायला दुकानात जातो. पिशवीतून फोन काढायला वाकलेला असताना एक बाई त्याला अडखळून पडते. दुकानदाराला वाटतं चोरी, पोलिसाला वाटतं हल्ला. पुढचं सगळं क्विन दुकानाबाहेरून बघतो. पण मारणारा पोलीस हा त्याच्या मित्राचा मोठा भाऊ आहे, आणि क्विनचे वडील अफगाणिस्तानात मारले गेल्यानंतर त्याला बास्केटबॉल शिकवण्यापासून धीर देण्यापर्यंत सगळं त्यानेच केलेलं आहे. बोलावं तर घरच्याच माणसाविरुद्ध. गप्प राहावं तर वर्गातल्या रिकाम्या बाकाकडे बघत बसावं.

माझ्या लेखी क्विन हेच या पुस्तकाचं मोठं यश. मार खाणाऱ्याच्या बाजूने उभं राहणं वाचकाला सोपं जातं, कारण पान उलटलं की आपण सुरक्षित असतो. ज्याने पाहिलं आणि जो निघून गेला, त्याच्यात मात्र आपण स्वतःला पटकन ओळखतो.

या पुस्तकांवर बंदी आहे का?

देशभर नाही. तिथे बंदी येते ती एखाद्या शाळेत, एखाद्या जिल्ह्यात. २०१७ मध्ये टेक्सासमधल्या केटी इथल्या शाळांच्या ग्रंथालयांतून ‘द हेट यू गिव्ह’ काढून घेतली गेली. दुसऱ्या वर्षी साउथ कॅरोलायनात एका शाळेच्या उन्हाळी वाचनाच्या यादीत ती आणि ‘ऑल अमेरिकन बॉईज’ पाहून तिथल्या पोलीस संघटनेने जाहीर आक्षेप घेतला. अमेरिकन लायब्ररी असोसिएशन दरवर्षी सर्वाधिक आक्षेप आलेल्या पुस्तकांची यादी काढते. २०२० च्या यादीत ‘ऑल अमेरिकन बॉईज’ तिसऱ्या आणि ‘द हेट यू गिव्ह’ दहाव्या क्रमांकावर होती. दोन्हींवरचे समान आक्षेप: शिवराळ भाषा आणि पोलिसविरोधी विचार. फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर हीच पुस्तकं लोक धडाधड विकत घेत होते, तेही त्याच वर्षी.

शिव्या खूप आहेत, असं ऐकलं.

आहेत. मोठ्याने वाचताना आम्ही त्या गाळतो, मनात वाचताना गाळत नाही. कृष्णवर्णीयांना हिणवण्यासाठी वापरला जाणारा तो एक शब्द पुस्तकात पात्रं आपसांत वापरतात. आपण तो उच्चारायचा नाही, एवढं मुलांना आधीच सांगून टाकते. वाद घालत बसावं लागत नाही.

कोणत्या वयाला कोणतं पुस्तक?

‘घोस्ट बॉईज’ दहा-अकरा वर्षांपासून चालेल. छोटी प्रकरणं, सोपं इंग्रजी. ‘ऑल अमेरिकन बॉईज’ आठवी-नववीपासून. ‘द हेट यू गिव्ह’ आणि ‘डियर मार्टिन’ नववीच्या पुढे, कारण हिंसा अंगावर येते आणि प्रेमसंबंधांचे उल्लेखही आहेत. ‘पंचिंग द एअर’ मुक्तछंदात आहे. पानं भराभर उलटतात, पण कविता वाचायची सवय असलेल्या मुलालाच ती खरी पोहोचते. ‘मॉन्स्टर’ दहावीनंतर, कारण स्टीव्ह निर्दोष आहे की नाही हे शेवटपर्यंत नक्की होत नाही आणि त्या अनिश्चिततेत राहायची तयारी लागते.

मूल वाचून गप्प झालं, जेवताना पुन्हा पुन्हा तोच विषय काढू लागलं, तर घाबरू नका. ऐकून घ्या. मात्र रात्री झोप लागत नसेल तर पुस्तक काही दिवस बाजूला ठेवा.

हे सगळं आपल्या जातिव्यवस्थेसारखंच आहे ना? मुलांना तसं समजावून सांगू का?

घाई करू नका. पहिल्या वाचनात ती गोष्ट मिसिसिपीची, शिकागोची, अटलांटाचीच राहू द्या. ‘म्हणजे आपल्याकडे जसं’ असं म्हटलं की मुलं खलीलला सोडून निबंध लिहायला लागतात. गुलामगिरी, कापसाची शेतं, वेगळ्या बस आणि वेगळ्या शाळा, १९५५ मध्ये मिसिसिपीत ठार मारलेला १४ वर्षांचा एमेट टिल, या सगळ्याचं ओझं त्या गोष्टीवर आहे. ते आधी समजायला हवं.

पण नातं मात्र जुनं आणि खरं आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्य आणि निग्रो यांच्या स्थितीतलं साम्य मांडलं. आणि १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांच्या पिढीने दलित पँथर उभी केली ती अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पक्षावरून स्फूर्ती घेऊन. आता गंमत बघा, ‘द हेट यू गिव्ह’ मध्ये स्टारचे वडील मॅव्हरिक आपल्या मुलांकडून काय पाठ करून घेतात? ब्लॅक पँथर पक्षाचा १९६६ चा दहा कलमी कार्यक्रम. त्यातलं सातवं कलम पोलिसांचा अत्याचार ताबडतोब थांबवण्याचं. हे सांगितल्यावर आमच्या गटातल्या एका मुलीने घरी जाऊन आजोबांचं कपाट उघडलं आणि पुढच्या वेळी ढसाळांचा कवितासंग्रह ‘गोलपीठा’ घेऊन आली. असा दुवा मुलांना स्वतः सापडू द्यावा.

पोलिसांची धाड लहान मुलाच्या नजरेतून मराठीत वाचायची असेल तर लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ हे आत्मकथन वाचा. ब्रिटिशांच्या १८७१ च्या कायद्याने त्यांच्या जमातीसारख्या अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण संशय गेला नाही. ते मुलांसाठी म्हणून लिहिलेलं नाही. दहावीचा मुलगा मात्र सहज वाचू शकतो, आणि त्याने वाचावं.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. आमच्या मुलांचा याच्याशी काय संबंध?

आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामातल्या मॅडिसन शहरात गुजरातहून मुलाकडे आलेले ५७ वर्षांचे आजोबा सकाळी फिरायला बाहेर पडले. शेजाऱ्याने पोलिसांना फोन केला की एक अनोळखी सडपातळ कृष्णवर्णीय माणूस इकडे फिरतोय. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं. पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं, मानेला जबर मार बसला आणि अंग लुळं पडलं. दोनदा ज्युरीचं एकमत झालं नाही, आणि शेवटी २०१६ मध्ये तो पोलीस निर्दोष सुटला. त्या फोनमधला शब्द ‘भारतीय’ नव्हता, ‘कृष्णवर्णीय’ होता. आपली माणसं तिथे ‘आम्ही त्यांच्यातले नाही’ असं म्हणत स्वतःला वेगळं काढतात, त्यांनी या घटनेचा विचार करावा.

मुलांना दाखवायचं असेल तर ‘द हेट यू गिव्ह’ मधली माया बघा. ती चिनी वंशाची, स्टारच्या महागड्या शाळेतली मैत्रीण. त्यांची तिसरी मैत्रीण हेली गोरी. हेलीने एकदा मायाला विचारलेलं असतं, सणाच्या दिवशी तुमच्या घरी मांजर शिजवलं का? माया तेव्हा हसली होती, आणि स्टारही. स्टारने एमेट टिलचा फोटो टाकल्यावर हेलीने तिला समाजमाध्यमावर अनफॉलो केलं होतं, हेही पुढे कळतं. मग माया आणि स्टार ठरवतात की यापुढे असलं काही हसून सोडून द्यायचं नाही. परदेशात शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलांना हा प्रसंग कोणी समजावून सांगावा लागत नाही.

चित्रपट पाहिला तर चालेल का?

‘द हेट यू गिव्ह’ वर २०१८ मध्ये जॉर्ज टिलमन ज्युनियर यांनी चित्रपट केला. अमांडला स्टेनबर्गने स्टारचं काम मनापासून केलं आहे. बघा, पण पुस्तकानंतर. चित्रपटात खलील ब्रश हातात घेतो. पुस्तकात त्याचा हात ब्रशकडे जातच नाही, तो फक्त मैत्रिणीची चौकशी करत असतो. चित्रपट बघणाऱ्याला क्षणभर वाटून जातं की त्याने ब्रश उचलायला नको होता. पुस्तक ती पळवाट ठेवत नाही, आणि मला पुस्तकाचंच पटतं.

कृष्णवर्णीय मुलांच्या वाट्याला सदैव मरणाच्याच गोष्टी का?

ही तक्रार अमेरिकेतले कृष्णवर्णीय वाचक आणि लेखकही करतात, आणि ती रास्त आहे. म्हणूनच मी गटात एकामागून एक अशी तीन पुस्तकं घेत नाही. दोन पुस्तकांच्या मध्ये अँजी थॉमस यांचीच ‘ऑन द कम अप’ (२०१९) घ्या. तीही गार्डन हाइट्समध्येच घडते, पण ब्री नावाच्या मुलीला रॅपर व्हायचंय. शाळेचे सुरक्षारक्षक तिला जमिनीवर पाडतात हा प्रसंग आहे, तरी गोष्टीचा जीव तिच्या शब्दांच्या खेळात आहे. शिवाय ‘द हेट यू गिव्ह’ मध्येही स्टारच्या घरातली थट्टामस्करी, बास्केटबॉलचे सामने, आईबापांची लाडीगोडी भरपूर आहे. परीक्षणं त्याबद्दल फारसं लिहीत नाहीत.

चर्चा कशी घ्यावी?

‘यातून काय शिकलात’ हा प्रश्न टाळा. तो आला की मुलं शिक्षकांना आवडेल ते बोलतात. वस्तू विचारा. रशादच्या पिशवीत काय होतं? स्टार शाळेत जाताना बोलण्यात काय बदल करते आणि का? ‘डियर मार्टिन’ मधला जस्टिस नावाचा मुलगा मार्टिन ल्यूथर किंगला पत्रं लिहायचं मध्येच का थांबवतो? एवढ्यावर तास-दीड तास सहज जातो. आणि खलीलच्या मृत्यूचं प्रकरण गटात मोठ्याने वाचू नका. ते ज्याचं त्याने एकट्याने वाचावं.

एकच पुस्तक वाचायला वेळ आहे. कोणतं घेऊ?

मोठ्यांनी ‘द हेट यू गिव्ह’ घ्यावं. ज्याला वाचायचा कंटाळा आहे अशा मुलाने ‘ऑल अमेरिकन बॉईज’, कारण प्रकरणं आळीपाळीने येतात आणि संपूर्ण गोष्ट एका आठवड्यात घडते. पाचवी-सहावीतल्या मुलाबरोबर तुम्हीच बसून वाचणार असाल तर ‘घोस्ट बॉईज’. त्यात भेटणारा एमेट टिल कोण होता हे तो मध्येच विचारेल. तेव्हा पुस्तक मिटून ते सांगा, मग पुढे वाचा.